साहेबांच्या फिशटँकचा फ्लो

किस्से मुद्दाम कुणी साठवत नाही. काचेवरच्या शेवाळासारखे ते आपोआप चढतात. माझ्याकडचे सगळे रोह्याच्या कंपनीतल्या एका फिशटँकचे आहेत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पेणहून अप-डाऊन करणारा टेंपररी क्लार्क. साहेबांनी रिसेप्शनमध्ये टाकी ठेवली आणि मला बजावलं, "मासे जगले तर कन्फर्मेशनचं बघू."

*

नव्या फिल्टरचा झोत एवढा, की चारही गोल्डफिश कोपऱ्यात काचेला चिकटले. मी मेंटेनन्सला सांगितलं. पण आमच्याकडे परमिटशिवाय स्क्रूसुद्धा फिरत नसे. सेफ्टीवाल्यांनी फॉर्म काढून गंभीरपणे विचारलं, "टाकीत माणूस उतरणार आहे का?"

टाकी दोन फुटांची होती.

*

शेवटी हेल्पर नामाकाका आले. पेणच्या खाडीकाठचे, निम्मं आयुष्य मिठागरात गेलेलं. पाण्याचा वेग त्यांना मीटरशिवाय कळायचा. "मासा दमला नाय पायजे," म्हणत त्यांनी नळी काचेकडे वळवली, तिच्या तोंडाला स्पंज बांधला. मासे मोकळे फिरू लागले आणि माझा जीव भांड्यात पडला!

*

मिठागरात पाण्यावर काडी सोडून वेग बघायचे, म्हणून काकांनी टाकीत कुरमुरा सोडला. "यो गोल फिरला पायजे, बुडला नाय पायजे."

मी फोनवर बोलून परत आलो, तर काकांनी झोत कमी करत आणलेला फिल्टर जेमतेम ठिबकत होता. चष्मा घरी विसरलेले काका चिंतेत. "आठ कुरमुरे गेले. आजून खेचतंय पानी."

"काका, मासे खातायत."

काकांनी फिल्टर परत वाढवला. उरलेले कुरमुरे आम्ही दोघांनी संपवले.

*

मुंबईचे मोठे साहेब आले त्याच दिवशी लाइट गेली. जनरेटर फक्त प्लांटला. माझी कन्फर्मेशनची फाइल त्यांच्याच सहीला, आणि इकडे फिल्टर बंद, मासे वर येऊन तोंडं उघडतायत. काकांची शिफ्ट सुटली होती, पेणच्या पॅसेंजरची वेळ झालेली.

"गारी काय, रोजच येते," म्हणाले आणि स्टूल ओढून टाकीशी बसले. त्या माणसाचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. दोन तास ते कॅन्टीनच्या ग्लासने पाणी उचलून बारीक धारेने परत टाकीत सोडत होते.

मोठे साहेब दारात थबकले. "हे काय चाललंय?"

काका उठले नाहीत. धार न तोडता म्हणाले, "फिल्टर हाय, सायेब. फ्लो बरोबर हाय ना?"