सिलिकॉन सुकायच्या आधी
सिलिकॉनचा आंबूस वास आला की बरुआसागरचा तलाव आठवतो. वेगात काकांच्या छोट्या मोटरबोटीचं नाक वर उठायचं, म्हणून आम्ही तिच्या मागच्या फळीला तळाशी दोन हलत्या पट्ट्या बसवत होतो. पट्ट्यांसोबत आलेल्या कागदावरच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि घरात कॉलेजात गेलेला मी एकटाच. “वाचा, बाबूजी,” काका दिवसभर टोचत होते, “ड्रिल धरायला तर कुणी शिकवलं नाही.” पाणी शिरू नये म्हणून स्क्रूच्या भोकांत भरलेलं सिलिकॉन दिवसभर सुकू द्या, असं शेवटी लिहिलं होतं. मी रागाने ते मुद्दाम सांगितलं नाही. काकांनी लगेच बोट पाण्यात घातली. आत घोट्यापर्यंत पाणी भरल्यावर ती कशीबशी काठाला आणून त्यांनी विचारलं, “कागदात काय होतं?” “ती ओळ मला कळली नाही,” मी म्हणालो. याला वाचता येत नाही, असं ते अजून सगळ्यांना सांगतात, आणि मी ऐकून घेतो.