पहेलवानाचं रक्त
रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीचा गंजका वास आला की मला सौसरचा माझा पहेलवान मित्र आठवतो. चौऱ्याऐंशीत माझं लग्न ठरलं, आणि माझी छाती तर बाईसारखी सुटलेली. ती नागपुरात ऑपरेशन करून सपाट करून घ्यायची होती. डॉक्टर म्हणाले, "रक्त कमी आहे, अशात मी चाकू लावणार नाही. दोन महिने गोळ्या खा आणि पुन्हा तपासून या." गोळ्यांनी पोट जड व्हायचं, म्हणून मी त्या संत्र्याच्या झाडाला घातल्या आणि सौसरला तपासणीच्या वेळी माझ्या नावानं रक्त द्यायला पहेलवानाला बसवलं. रिपोर्ट पाहून डॉक्टर ओरडले, "हे तर आणखी घटलं! आता ऑपरेशन विसरा." ते रक्त माझं नाही, हे सांगायची सोय नव्हती. गावी येऊन मी त्याची गचांडी धरली. तो मान खाली घालून म्हणाला, "मले मालूम होतं बे. पन पहेलवानाच्या अंगात रक्त नाही, हे मीच लपवून राहिलो, तं तुले कसं सांगू?" भर उन्हाळ्यात जाड कोट घालून मी बोहल्यावर चढलो. पुढे इमानदारीनं गोळ्या खाल्ल्या, ऑपरेशनही नीट झालं. तेव्हा टेबलावर गेलो नाही तेच बरं, हे आज कळतं. पण माहीत असून त्यानं मुकाट सुई टोचून घेतली, ते मी अजून माफ केलेलं नाही.