एकच हात वर

डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या चंद्रपूर शाखेत मी बरीच वर्षं सचिव होतो. दर बैठकीला माइक लावायला एकच माणूस यायचा. गळ्यात काळी वायर. दोन बोटांनी माइक ठोकायचा आणि मान तिरपी करून आवाज ऐकायचा. रुग्णाची छाती अशी ठोकून बघणं आम्ही केव्हाच सोडलं होतं. आम्ही सरळ एक्स-रेला पाठवायचो.

एकदा विषय होता ‘दुर्गम भागातली आरोग्यसेवा’. दीड तास भाषणं झाली. मग नागपूरहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, “तुमच्यापैकी भामरागडला कोण कोण जाऊन आलंय?”

एकच हात वर झाला. माइकवाल्याचा.

“मी गेल्तो जी, लगनात माइक लावाले. गळ्यातली वायर पाहून लोकायले वाटलं, डाक्टर आला. लाइनच लागली, साहेब. मी डाक्टर नाई म्हणून सांगून राह्यलो होतो, तरी कोणी हटूनच नाई राह्यलं.”

सगळं सभागृह हसलं. मीही हसलो.

त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. म्हणून अहवालात एवढंच लिहिलं: ‘शाखेतर्फे एक प्रतिनिधी भामरागडला जाऊन आले. रुग्णांचा प्रतिसाद उत्तम.’