हँक इंगोलीची एकुलती एक रेकॉर्ड

काशीनाथ गायसमुद्रेला खोड्या काढायची सवय होती आणि ती सदुसष्टाव्या वर्षीही सुटली नव्हती. विलायतेतल्या एका हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची एकतीस वर्षं गेली. ब्लड प्रेशर मोजायच्या एखाद्या हट्टी मशीनवर ‘सकाळी दहापर्यंत माझ्याशी बोलू नका’ असं लेबल दिसलं, की वॉर्डातल्या नर्सेस तळघरातल्या वर्कशॉपला फोन लावायच्या, “कॅश, हे तुझंच काम ना?” काशीनाथचा कॅश झाला तो तिथेच.

त्याच तळघरात त्याला दुसरं व्यसन लागलं. शेजारच्या बाकावरचा आयरिश मेकॅनिक रिटायर होऊन गावी जाताना रेकॉर्डचा एक खोका मागे ठेवून गेला. सगळा सत्तरच्या दशकातला अमेरिकन कंट्री रॉक, आणि तोही कुणी नाव न ऐकलेला. या बँडवाल्यांनी एकच अल्बम काढला, तो तीनशे लोकांनी घेतला आणि मग ते सगळे विमा विकायला लागले. काशीनाथने लंच ब्रेकमध्ये त्यातली एक रेकॉर्ड सहज लावून बघितली. ती स्टील गिटार ऐकू आली आणि त्याच्या हातातलं सँडविच हातातच राहिलं. हुंदका गिळून कुणीतरी हसल्यासारखा तो आवाज. परभणीजवळच्या पूर्णा गावातून आलेल्या माणसाला टेक्सासचा असा लळा का लागावा, हे त्याला कधीच सांगता आलं नाही. एजवेअरच्या घरातली बॉक्सरूम रेकॉर्डनी भरली. पुढे त्याने एक जुनी स्टील गिटारही आणली, अँप्लिफायर स्वतः दुरुस्त केला आणि मांडीवर घेऊन ती वाजवायला शिकला.

त्याची बायको धम्मशीला शाळेत शिक्षिका होती. आता ती विहारातल्या मुलांचे रविवारचे वर्ग घ्यायची आणि चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला गाणाऱ्या बायका बसवायची. तिचा आवाज खणखणीत होता. नवऱ्याच्या संगीताला ती ‘तुमचं रडगाणं’ म्हणायची, पण चहाचा कप मात्र बॉक्सरूममध्ये नेऊन द्यायची.

महिन्यातून एका शनिवारी दुपारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत असल्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांचा क्लब भरे. आठ-नऊ म्हातारी माणसं, एक टर्नटेबल, एक केक. क्लबचा सर्वेसर्वा होता नायजेल, पिनरमध्ये राहणारा रिटायर्ड भूगोल शिक्षक. काशीनाथने कितीही दुर्मीळ रेकॉर्ड शोधून नेली, तरी पिशवीतून ती अर्धी बाहेर यायच्या आत नायजेल म्हणायचा, “हां, ही. माझ्याकडे पहिलं प्रेसिंग आहे, अगदी पहिल्या छपाईतलं.” त्याला ड्रमरच्या कुत्र्याचं नावसुद्धा ठाऊक असे. अकरा वर्षांत या माणसाच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द कुणी ऐकले नव्हते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये चहा पिता पिता काशीनाथला राहवलं नाही. चेहरा अगदी गरीब करून तो म्हणाला, “नायजेल, हँक इंगोलीबद्दल काही सांगशील का? हँक इंगोली अँड द पूर्णा क्रीक बँड. एकोणीसशे त्र्याहत्तर. अल्बमचं नाव ‘लास्ट बस टू पार्बनी’.”

हिंगोलीतला ‘ह’ वेगळा काढला आणि परभणीतला ‘भ’ हलका केला, एवढंच त्याने केलं होतं.

नायजेलने कप खाली ठेवला. डोळे मिटले. काशीनाथ त्या तीन शब्दांची वाट बघत होता.

“इंगोली,” नायजेल म्हणाला. “बिचारा. शहात्तर साली मी त्याला ऑस्टिनमध्ये लाइव्ह पाहिलंय. डावखुरा होता.”

काशीनाथला ठसका लागला. तो पाठ थोपटून घेत होता, तेवढ्यात दुसरा एक मेंबर म्हणाला की हा अल्बम त्याच्याकडे होता, पण घटस्फोटात पहिल्या बायकोने नेला. तिसऱ्याच्या मते इंगोलीची दुसरी बाजू जास्त चांगली होती. शेवटी नायजेलनेच जाहीर केलं, “कॅश, तुझ्याकडे कॉपी असेल तर जूनमध्ये घेऊन ये. आपण सबंध दुपार इंगोलीला देऊ.”

“आहे ना,” काशीनाथच्या तोंडून निघून गेलं.

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं, तेव्हा धम्मशीला सोफ्यावर आडवी होऊन हसली. डोळे पुसत म्हणाली, “अहो, आता करायचं काय?”

“करायचं काय म्हणजे? रेकॉर्ड काढायची.”

त्यांची मुलगी तनू ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. वीकेंडला ती लॅपटॉप आणि मायक्रोफोन घेऊन आली. वेल्समध्ये एक माणूस हव्या त्या गाण्याची एकच रेकॉर्डसुद्धा कोरून देतो, हेही तिनेच शोधून काढलं. बॉक्सरूमच्या भिंतींना रजया टांगल्या. सबंध अल्बमऐवजी त्यातल्या एकाच गाण्याची छोटी रेकॉर्ड करायचं ठरलं, आणि काशीनाथने इंग्रजीत चार कडवी लिहिली: शेवटची बस चुकलेला माणूस, धूळ, आणि स्टँडवर कुणी नाही. टेक्सासच्या उच्चारांची त्याने आठ दिवस प्रॅक्टिस केली होती. ते उच्चार ऐकून तनूला हसून हसून स्टुलावर बसवेना. धम्मशीलाला मागून ‘ऊऽ’ म्हणायचं काम दिलं होतं. पहिल्या टेकला तिने ते इतकं जोरात म्हटलं की शेजारच्यांनी भिंत वाजवली.

दुसऱ्या टेकला ती मध्येच थांबली.

“काय झालं?”

“अहो, ही चाल आईंची आहे.”

काशीनाथची बोटं तारांवर थबकली. खरंच होतं. चाल आपण रचली असं त्याला वाटत होतं, पण ती गयाबाईची होती. त्याची आई पहाटे दळताना जात्यावर जी ओवी म्हणायची, तीच जरा संथ होऊन गिटारीवर उतरली होती.

“बदलू का?” त्याने विचारलं.

“कशाला? चांगली लागतेय. तुमचे ते उच्चार बदलता आले तर बघा.”

कव्हरसाठी त्याने वडिलांचा जुना फोटो काढला. वडील रेल्वेत गँगमन होते. डोक्यावर रुंद काठाची हॅट, हातात पहार, मागे मालगाडीचा डबा आणि लांबवर नुसतं उजाड माळरान. मराठवाड्याचा माळ अमेरिकेत खपून जाईल, याबद्दल काशीनाथला शंका नव्हती.

“बाबा, ही फोटो एकदम कूल आहे,” तनू म्हणाली.

“हा फोटो,” धम्मशीलाने दुरुस्त केलं.

“तेच. आजोबा एकदम रॉकस्टार दिसते.”

“दिसतात.”

छापलेलं कव्हर चहाच्या पाण्यात बुडवून गॅलरीत वाळवलं. एका कोपऱ्यावर कपाचा गोल डागही उमटवला. पन्नास वर्षं एका दुपारात झाली.

जूनच्या शनिवारी खोली भरली होती. धम्मशीला ‘मी फक्त केक आणून देते’ म्हणत मागच्या खुर्चीत येऊन बसली. रेकॉर्ड फिरू लागली. थोडी खरखर झाली, मग ती गिटार, मग काशीनाथचा खोल, धुळीने भरलेला आवाज. कुणी केकला हात लावला नाही. गाणं संपलं तेव्हा नायजेलने चष्मा काढला होता.

“मला आठवत होतं त्यापेक्षा चांगलं आहे,” तो हळूच म्हणाला.

कव्हर एकेकाच्या हातातून फिरत मोरीनकडे आलं. मोरीन आयुष्यभर पोस्टात पत्रं वेगळी करत आली होती आणि क्लबात वर्षाकाठी चार वाक्यं बोलायची. तिने पर्समधून भिंग काढलं. “या माणसाच्या मागे बोर्डावर काहीतरी लिहिलंय. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी अक्षरं आहेत. चेरोकी आहे का ही, अमेरिकेतल्या आदिवासींची?”

काशीनाथने मान पुढे काढून बघितलं. मालगाडीच्या डब्याशेजारचा तो बोर्ड घरातल्या तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आला नव्हता.

“अर्थात,” नायजेल म्हणाला. “इंगोलीची आई चेरोकी होती.”

मागच्या खुर्चीतून आधी एक उचकी ऐकू आली, मग धम्मशीलाचं खणखणीत हसू. ती तोंडावर पदर धरत होती, पण काही उपयोग नव्हता. “सॉरी, सॉरी,” ती म्हणाली. “ते पूर्णा जंक्शन आहे. आणि ते माझे सासरे आहेत.”

मग काशीनाथने सगळं सांगितलं. खोलीतली माणसं हसायला लागली. पहिल्या बायकोला दोष देणाराही हसला. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, “मग ऑस्टिनमध्ये डावखुरा कोण होता?” आणि सगळे नायजेलकडे वळले.

नायजेलचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. त्याने कोट घातला, बटणं नीट लावली आणि तो निघून गेला.

घरी येताना बसमध्ये काशीनाथ कव्हर मांडीवर घेऊन बसला होता. अकरा वर्षं मनात जपलेली गंमत एकदाची जमली होती, आणि आता कुणाचा तरी चष्मा पायाखाली आल्यासारखं वाटत होतं. जुलैत नायजेल आला नाही. ऑगस्टमध्येही नाही.

“भेटून या,” धम्मशीला म्हणाली. “आणि हात हलवत जाऊ नका. करंज्या घेऊन जा.”

पिनरच्या घराचं दार नायजेलने उघडलं आणि तो बाजूला झाला. आत रेकॉर्डशिवाय भिंत दिसत नव्हती. खुर्ची मात्र एकच होती. नायजेलने स्वयंपाकघरातून स्टूल आणलं.

“सॉरी,” काशीनाथ म्हणाला. “मला तुझी जिरवायची होती. पण सगळ्यांच्या समोर नव्हती जिरवायची.”

नायजेलने एक करंजी उचलून मोडली. मग म्हणाला, “शहात्तर साली मी वॉटफर्डला वडिलांच्या दुकानात खिळे वजन करून विकत होतो. अमेरिकेला मी कधी गेलोच नाही.”

“मीपण नाही गेलो.”

“काय सांगतोस!”

“खरंच. विमानात बसलो की मी परभणीलाच जातो.”

नायजेल हसला. हसताना करंजीतलं सारण त्याच्या स्वेटरवर सांडलं. “तुला सांगू का,” तो म्हणाला, “माहीत नाही असं म्हटलं ना, की लोक दुसऱ्या कुणाला तरी विचारतात. मग माझ्याकडे कोण येणार?”

काशीनाथने आपली पिशवी जवळ ओढली. त्याने पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि नायजेलच्या टर्नटेबलवर ठेवली. दोघांनी ती दोनदा ऐकली. नायजेलने कपाटातून आपलं जाडजूड रजिस्टर काढलं. त्यात त्याच्या सगळ्या रेकॉर्ड पेनाने लिहिलेल्या होत्या. त्याने नवी ओळ सुरू केली.

“चाल कुणाची?”

“माझ्या आईची. ती दळताना गायची.”

“नाव?”

“गयाबाई.”

“स्पेलिंग सांग. आणि या वेळी खरं सांग.”

काशीनाथने एकेक अक्षर सांगितलं. नायजेलने ते सावकाश लिहिलं. परीक्षेचा पेपर तपासावा तसं त्याने स्वतःचं लिखाण दोनदा तपासलं आणि मगच टोपण लावलं.

सप्टेंबरच्या शनिवारी नायजेल क्लबात आला. खुर्च्या जरा करकरल्या. एकाने मुद्दाम अर्कान्सासमधल्या कुठल्याशा बँडची रेकॉर्ड पुढे केली आणि विचारलं, “हे कोण, सांग बघू?”

नायजेलने कव्हर उलटसुलट बघितलं. घसा साफ केला. काशीनाथकडे एक नजर टाकली. “मला माहीत नाही,” तो म्हणाला.

मग पहिल्या बायकोवाल्याने मान्य केलं की स्टील गिटार आणि बँजो यांच्या आवाजातला फरक त्याला आजवर कळलेला नाही. दुसऱ्या एकाने सांगितलं, आपल्या घरी रेकॉर्ड प्लेअरच नाही. एकेक करून सगळे बोलत सुटले, आणि शेवटी सगळ्यांच्या माना मोरीनकडे वळल्या.

मोरीनने केकचा तुकडा बशीत ठेवला. “मला हे संगीत आवडतच नाही,” ती म्हणाली. “कधीच आवडलं नाही. पण इथलं हीटिंग फार चांगलं आहे.”