दुसरीच्या नावानं पाच हजार मीटर

"नाव विचारलं तं तिचं सांगजो. तुझ्या तोंडाकडं कोन पाहते?"

खेळाचे सर माझ्या पाठीवर नंबराचं कापड टाचत होते. चौथी पिन कातडीला लागली. शेजारी ती उभी, आमच्या कॉलेजच्या संचालकांची पुतणी. नंबर तिच्या नावाचा. टीममधल्या दोघी फिसकन हसल्या.

विद्यापीठाच्या स्पर्धा होत्या. सर्टिफिकेट असलं की खेळाच्या कोट्यातून नोकरी. ते तिला हवं होतं. पाय माझे.

हे पहिल्यांदा नव्हतं. आदल्या वर्षीही मी तिच्या नावानं धावले, पहिली आले आणि बदल्यात मिळालेला ट्रॅकसूट घालून गावभर मिरवले. धान कापायलाही तोच. इतकी मी हुशार! मग कॉलेजचं गॅदरिंग झालं. बाबा जंगलखात्यात रोजंदारीवर जायचे. ते देवरीकडून एसटीनं आले, मागच्या रांगेत बसले. कप तिला दिला. बाबांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, मग हात थांबवले.

"धावली तू, अन् कप तिले काऊन?"

"असंच असते बाबा," मी म्हणाले.

हे माझंच वाक्य वर्षभर मला बसू देईना. वर्गात पाय हलत राहायचे. कॉलेजसाठी कुडवा गावात घेतलेल्या खोलीवर एकच भांडं घासत राहायची. खोलीतली मैत्रीण म्हणायची, "भोक पडंल त्याले!"

आणि आता पुन्हा तेच कापड.

साडेबारा फेऱ्या. बूट मोठे, पुढं कापूस कोंबलेला. काही ठरवून धावले असं सांगितलं तर माझी पोरंही विश्वास ठेवणार नाहीत. पोटात कळ येत होती, एवढंच आठवतं. दुसरी आले. निकालाच्या टेबलाशी बसलेल्या मॅडमनी वही ओढली.

"नाव?"

मी माझं सांगितलं. बापाच्या नावासकट, आमच्या गोंडी आडनावासकट. मोठ्यानं.

"हे नाव यादीत नाही."

"नाही ना मॅडम. पण धावली मीच."

नंबर बाद. दुसरी आलेली मी निकालातूनच गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी कोरा कागद पुढं केला. आवाज पहिल्यांदाच मऊ. "लिहून दे, नंबर मीच चोरून लावला म्हणून. पुढच्या वर्षी तुह्या नावानं पाठवतो."

पुढच्या वर्षी. माझ्या नावानं. खोटं कशाला सांगू, मी पेन उचललं. 'मी' एवढं लिहिलंही. मग हात पुढं सरकेना.

"मी नाही चोरला सर."

"मंग धावू नको."

नाही धावले. त्यानंतर एकही स्पर्धा नाही. आता फुलचूरच्या घरी जिना चढताना मध्येच थांबते, तेव्हा पोरं ओरडतात, "आई, शिट्टी वाजवू का?" हसू दे त्यांना. विद्यापीठाच्या कुठल्याच वहीत मी नाही. सर कुठं असतील माहीत नाही. तो कागद घेऊन आज दारात आले, तर खुर्ची देईन, पाणी देईन. सही देणार नाही.