तुरीतली वाट

सोनाळ्याकडची आमची शाळेची बस वाटेतल्या एका वस्तीवर थांबत नाही. तिथून शाळा जवळ, म्हणून तिथल्या मुली लांबच्या मुलींसाठीच बस, या नियमात बसत नाहीत. एकदा तिथंच टायर पंक्चर झालं आणि मी रिकाम्या सीटा मागं ठेवून उतरले.

बांधावर एक बाई तोंडाशी हात धरून उभी होती. तिची लेक उंच तुरीतून शाळेला निघालेली, दिसत नव्हती. आई हाक मारी, आतून ‘हाव’ असं उत्तर येई.

“शाळा जवळ हाय म्हन्तेत,” ती म्हणाली, “पन तूर उंच हाय नं, मॅडम. अंदर डुकरं बसून राह्यतेत.”

पुढच्या हाकेला उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. तुरीत काहीतरी सळसळलं.

मग फार लांबून ‘हाव’ आलं. मी श्वास सोडला. तिनं मात्र पुढच्या हाकेसाठी तो छातीत भरून घेतला.