पंधरा तारखेचा पांढरा सदरा

पंधरा ऑक्टोबरच्या सकाळी आमच्या वस्तीत दोरीदोरीवर पांढरे कपडे वाळत असायचे. आदल्या दिवशी दीक्षेचा दिवस साजरा झालेला असायचा, आणि लुगड्यांपासून लेकरांच्या झबल्यांपर्यंत सगळं पांढरं धुऊन पडलेलं असायचं. त्या दोऱ्यांखालून वाकत देवराव कंपनीच्या बसकडे निघायचा, तो मात्र पुन्हा पांढराच सदरा घालून. हिंगण्याच्या कारखान्यात दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणारा माणूस. संध्याकाळी परतताना सदऱ्याकडे बघवत नसे. त्याची बायको प्रेमिला तो सोड्यात भिजत घालायची.

मी नाटकमंडळीत तीस वर्षं कपडे बदलून जगलो. कोण कधी काय घालतो, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. शिकारीच्या प्रवेशात राजा दरबारचा झगा घालून आला, तर एक तर तो चुकलेला असतो, नाही तर पुढच्या अंकात काही तरी असतं. देवराव चुकणाऱ्यातला नव्हता. एकदा विचारलं, तर म्हणाला, धुतलेला होता, घातला.

एरवी तो गप्प बसणारा नव्हता. विहाराच्या ओट्यावर त्याचा आणि धोंडबाचा वाद वर्षानुवर्षं चालला होता. धोंडबा रेल्वेत गँगमन, बोलायला खणखणीत. वाद एकाच गोष्टीचा. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली, त्या दिवशी दसराही होता आणि चौदा ऑक्टोबरही. पुढच्याच वर्षी दसऱ्याची आणि तारखेची फारकत झाली. मग खरा दिवस कोणता?

धोंडबा म्हणायचा, दसरा. अशोकाने शस्त्र खाली ठेवलं ती विजयादशमी, आणि दीक्षेचा दिवस ठरवला तो तीच पाहून. अशोकाच्या घरी इंग्रजी कॅलेंडर टांगलं होतं काय? देवराव म्हणायचा, जे पंचांग आपण मागे टाकून आलो, त्यालाच पुन्हा दिवस विचारायला कशाला जायचं? तारीख कोणाच्या मालकीची नाही. त्यावर धोंडबा बुद्धपौर्णिमा काढायचा. ती चंद्राला विचारून धरता ना? इथे देवराव थोडा अडखळायचा, आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन यायचा. घरी एकाच खिळ्यावर त्याने छप्पनपासूनची सगळी कॅलेंडरं अडकवली होती. पंचाहत्तर साली दोन्ही दिवस एकत्र आले, तेव्हा त्याने ते पान वस्तीभर फिरवून दाखवलं. त्या एका वर्षी दोघं भांडले नाहीत, आणि दोघांनाही करमलं नाही.

मला या वादात मत नव्हतं. छप्पनच्या त्या दिवशी मी मंडळीबरोबर बालाघाटला एका पौराणिक नाटकात सेनापती होतो. मला फक्त कुतूहल होतं.

एक्याऐंशी साली पंचवीस वर्षं भरली. दसरा आठवडाभर आधीच येऊन गेला होता. विहाराच्या समितीने ठरवलं, चौदा तारखेला दीक्षाभूमीवर ज्यांनी दीक्षा घेतली, त्या वस्तीतल्या सगळ्यांचा चौदा तारखेलाच सत्कार करायचा. नावं पुकारायचं काम माझ्याकडे आलं. यादीत पहिलं नाव देवरावचं. तारखेसाठी इतकं भांडलेला दुसरा कोण होता?

तेरा तारखेला दुपारी देवराव माझ्याकडे आला. यादीतल्या आपल्या नावावर त्याने बोट ठेवलं. मग म्हणाला, "बापूजी, मी चौदाले तिथं नव्हतो."

मग त्याने सगळं सांगितलं. तेव्हा तो उमरेडला हातमागावर बसायचा. दीक्षेला पांढरं नेसून जायचं, असा निरोप आला आणि दुकानांतलं पांढरं कापड संपलं. लोक त्याच्याकडे आले. पंधरा दिवस त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी पांढरंच विणलं. प्रेमिलाचं लुगडं शेवटी लागलं. गाव निघालं तेव्हा निम्मं लुगडं मागावरच होतं. मागावरचं कापड अर्ध्यात कापायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. इतकी माणसं येणार, सोहळा दोन-तीन दिवस तरी चालेल, असा हिशेब त्याने मनाशी केला. लुगडं पुरं करून दोघं चौदाच्या सकाळी पायी निघाले. पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. उशिरा आलेल्यांना दुसऱ्या दिवशी दीक्षा मिळाली, त्यात हे दोघं.

मी विचारलं, नाव खोडू का? तो म्हणाला, "खोडू नका. पुकारा. मी सांगतो काय ते."

दुसऱ्या दिवशी मी नाव पुकारलं. रंगमंचावर मी पुष्कळ प्रवेश पाहिले, पण त्या ओट्यावर देवराव ज्या पावलांनी आला, ती मला कधी जमली नसती. त्याने शाल घेतली नाही. चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि हात जोडले. मग धोंडबा उठला.

"मंग पंचवीस वर्षं चौदासाठी काहून भांडून राहिला होता गा?"

देवराव म्हणाला, "थो दिवस माह्या हातून गेला, धोंडबा. थोच खरा नसन, त मी हळहळलो कायच्यासाठी?"

धोंडबा खाली बसला. मग बसल्या बसल्या त्याने विचारलं, "पंधराले होता, म्हंजे भाषण ऐकलं अशीन."

"ऐकलं."

"पूरं?"

"पूरं."

बाबासाहेबांचं ते मोठं भाषण पंधरा तारखेला झालं, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. धोंडबाने सतरंजीवरची सुरकुती हाताने सारखी केली. खाली बघतच म्हणाला, ड्युटी होती, दीक्षा घेऊन चौदाच्या सांजेलाच त्याने परतीची गाडी पकडली होती. भाषण त्याने नंतर छापलेलं वाचून घेतलं, तेही नातवाकडून.

पुढे चौदा नावं उरली होती. समितीचे लोक मला खुणावत होते. मी यादी घडी करून खिशात घातली. तीस वर्षांत मी एकही प्रवेश असा थांबवला नव्हता.

धोंडबाने सरकून जागा केली. "बस इथं. कुठून ऐकलं, किती लांबून, सारं सांग."

"लांबून कायचं," मागून प्रेमिला म्हणाली. "भोंग्याच्या खालीच बसलो होतो आमी. दोन दिवस कानच वाजून राहिले होते."

ती तेच लुगडं नेसली होती. देवराव धोंडबाशेजारी मांडी घालून बसला, आणि सांगायला लागला.